नोलुंतूची पाळी

सभागृहात माझ्या बहिणीला खुर्ची होती. खुर्चीपुढे ध्वनिक्षेपक होता, ध्वनिक्षेपकाशेजारी पाण्याचा ग्लास होता, आणि काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिले होते: पारंपरिक प्रमुख. मत तेवढे नव्हते. कायद्याने तिला पालिकेत बसता येत होते, ऐकता येत होते, बोलताही येत होते. मतदानाची वेळ आली की मात्र तिचे हात मांडीवरच राहायचे. निवडून आलेल्यांच्या रांगांपासून थोडी बाजूला, भिंतीलगत, ती अशी बसत असे की पाहणाऱ्याला वाटावे, या बाईला कुणीतरी काढलेल्या चित्रातून उतरवून इथे ठेवले आहे आणि परत न्यायला विसरले आहे.

त्या शुक्रवारी विषय होता आमच्या लुबिसिनीच्या कुरणाचा. शहराचा कचरा टाकायला पालिकेला जागा हवी होती आणि नकाशावर लुबिसिनी रिकामे दिसत होते. नकाशात गुरे दाखवत नाहीत. हिवाळ्यात सगळे उतार करपून कातडीसारखे पिवळे पडतात, तेव्हा लुबिसिनीच्या झऱ्याकाठी तेवढे गवत तग धरते. आमच्या दक्षिणेकडच्या देशात हिवाळा ऑगस्टपर्यंत चालतो, आणि गावातली गुरे तो ओलांडतात ती त्या गवताच्या बळावर. पालिकेच्या दृष्टीने ती पडीक जमीन होती. गावाने मोठ्या घरासमोर जमून माझ्या बहिणीला एवढेच सांगितले होते, की जा आणि नाही म्हणून ये.

तिचे जन्माचे नाव फेझेका. किनाऱ्यावरच्या शहरात ती एका औषधांच्या दुकानात काम करायची, पांढऱ्या कोटात, शेल्फांच्या स्वच्छ उजेडात. वडील गेले, त्यांना मुलगा नव्हता, आणि आमच्या घराण्याच्या वडीलधाऱ्यांनी बरेच दिवस कुरकुर करून शेवटी तिच्या खांद्यांवर बिबट्याचे कातडे घातले. त्या दिवशी तिला नोलुंतू हे नाव मिळाले. ‘आऽ नोलुंतू!’ असा पुकारा डोंगरावरून डोंगरावर गेला, आणि फेझेका त्यात कुठेतरी बुडाली. तेव्हापासून तिला जुन्या नावाने फक्त मी हाक मारते, आणि तीही गाडीत, काचा वर असताना.

मोठ्या घरासमोरच्या सभेची आमची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याला बोलायचे त्याने बोलावे, हवे तितके बोलावे, एकमेकांची उणीदुणी काढावीत, प्रमुखाचीही काढावीत. प्रमुखाने ऐकावे. चेहरा हलू देऊ नये. सगळ्यांचे बोलून संपले की सभेवर एक शांतता पडते. कुणी खोकतसुद्धा नाही. ती शांतता प्रमुखासाठी अंथरलेली चटई असते. त्यावर तो सावकाश बसतो आणि मग बोलतो, आणि तो जे बोलतो ते ठरते. त्यानंतर पुरुष टोप्या घालतात, बायका चटया गुंडाळतात, सभा संपते. प्रमुखाच्या मागून कुणी बोलत नाही.

शुक्रवारी सकाळी निघताना आमचे धाकटे काका, ताता मालिझोले, गाडीच्या खिडकीशी वाकून तिला म्हणाले होते, “घाई करू नकोस, पोरी. त्या शहरी लोकांना आधी ओकू दे सगळं. जो आधी बोलतो तो आधीच खर्च होतो. तू शेवटी उठ.”

“ठाऊक आहे, ताता.”

“आणि उठताना सावकाश. तू काय बस पकडायला निघालेली नाहीस.”

मी सभागृहात प्रेक्षकांच्या बाकावर बसले. पालिकेत बसणाऱ्या बाकीच्या दोन गावप्रमुखांपैकी एक आले नव्हते, दुसरे डुलक्या घेत होते. अधिकाऱ्याने पडद्यावर नकाशा दाखवला. मग एकेक जण बोलला. कुणी दुर्गंधीबद्दल, कुणी कंत्राटाबद्दल, कुणी विरोधी पक्षाच्या आईबापांबद्दल. विरोधकांनी विरोध केला, पण तो कुरणासाठी नव्हता, कंत्राट दुसऱ्या कुणाला मिळावे म्हणून होता. आमच्या प्रभागाचा सदस्य फाकामिले काही बोलला नाही. तो सारखा माझ्या बहिणीकडे बघत होता. तिचा चेहरा हलत नव्हता. वडिलांचा चेहरा असाच राहायचा.

मग बोलणारे संपले. आणि सभागृहावर ती शांतता उतरली.

मी ती ओळखली. पंखे फिरत होते, कुणाचा कागद सळसळला आणि थांबला. माझ्या बहिणीने शाल सारखी केली. दोन्ही तळवे टेबलावर टेकले. मान किंचित खाली घातली, पूर्वजांची मनातल्या मनात परवानगी घेतात तशी. आणि उठू लागली, सावकाश, बस पकडायची नसलेल्या माणसासारखी.

“आणखी कुणाचा हात नाही,” सभापतीबाई म्हणाल्या. “ठराव मताला टाकते. बाजूने?”

हात वर गेले. माझी बहीण तोवर अर्धी उठली होती. मग पूर्ण उठली. हातांच्या त्या जंगलात ती एकटी उभी, हात खाली सोडलेले.

“मला बोलायचंय,” ती म्हणाली. ध्वनिक्षेपकाचा लाल दिवा लागला नव्हता, त्यामुळे ते फक्त पुढच्या दोन रांगांना ऐकू गेले.

“प्रमुखबाई, मतदान चालू आहे,” सभापतीबाई मायेने म्हणाल्या. खरोखर मायेने, तेच सगळ्यात वाईट होते. “मतदान सुरू झालं की बोलता येत नाही. विरोधात? तटस्थ? ठराव मंजूर. पारंपरिक नेतृत्व उपस्थित होतं, त्यांचा आक्षेप आलेला नाही. प्रमुखबाई, आता बोला ना. पुढचा विषय रस्त्यावरच्या दिव्यांचा आहे.”

दिव्यांवर माझ्या बहिणीला काही बोलायचे नव्हते. ती खाली बसली. डुलक्या घेणारे प्रमुख जागे झाले आणि त्यांनी तिला विचारले, चहा झाला का.

बाहेर गाड्यांच्या आवारात फाकामिले आमच्यामागे धावत आला. कोट हातात, टोपी हातात. गावात तो आमच्या मोठ्या घरापुढे टोपी काढतो. इथे काढायची गरज नव्हती, तरी काढली होती.

“नोलुंतू, ऐका. मी सारखा तुमच्याकडे बघत होतो. तुम्ही उठून नाही म्हणाला असता, तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. म्हटलं असतं, प्रमुखांचा विरोध आहे, पुढच्या बैठकीपर्यंत थांबू या. तुम्ही गप्प. मला वाटलं, तुमचं त्यांच्याशी काही ठरलंय.”

“आणि तू हात वर केलास, भेले,” त्याच्या कुळाच्या नावाने माझी बहीण म्हणाली. आमच्याकडे रागातही कुळाचे नाव सुटत नाही.

“पक्षाचा आदेश होता.”

“पक्षाने तुला तोंड बंद ठेवायचाही आदेश दिला होता का?” मी विचारले.

“लिंदेका, तू मध्ये बोलू नकोस.” तो टोपी फिरवत राहिला. “मी तुमच्यानंतर बोलणार होतो, आई. प्रमुखाच्या आधी बोलून मोकळं व्हायचं तर आपल्या गावात. इथे मला वाटलं, आधी तुम्ही तोंड उघडाल. तुम्ही माझी वाट बघताय हे मला काय ठाऊक?”

मग त्याने हलक्या आवाजात सांगितले, की सोमवारी यंत्रे येतील. कंत्राटदाराची ती आधीच निघाली आहेत.

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होते. दोन्ही बाजूंना कोरफडीची लाल कणसे धुरकट उजेडात उभी होती. एका वळणावर शेळ्या आडव्या आल्या आणि आम्ही थांबलो. शेळ्यांना कसलीच घाई नव्हती.

“फेझेका,” मी म्हणाले.

ती शेळ्यांकडे बघत होती. मग म्हणाली, “मला वाटलं, ती शांतता माझी आहे.”

“मलाही वाटलं.”

“त्यांच्याकडे शांतता कुणाचीच नसते. रिकामी जागा दिसली की भरून टाकायची, बस.” ती काचेवर बोट फिरवत होती. “आणि मूर्खपणा बघ. औषधांच्या दुकानात मी दहा वर्षं रांगेत उभ्या माणसांना म्हणत होते, पुढे या, बोला, लाजू नका. ते सगळं मला येत होतं. त्या कातड्याखाली गेले आणि विसरले.”

शेळ्या गेल्या. मी गाडी पुढे घेतली.

गाव आधीच जमले होते. वडिलांच्या काळी सभा गुरांच्या गोठ्याच्या आत भरायची; बाईने गोठ्यात पाऊल ठेवायचे नसते, म्हणून माझी बहीण प्रमुख झाल्यावर सभा बाहेर पांगाऱ्याखाली आली. पांगारा तेव्हा फुलला होता, पान नाही एक, नुसता लाल. त्याखाली तिची खुर्ची. उजवीकडे पुरुष, डावीकडे चटयांवर पाय पसरून बायका. एका बाजूला मोठ्या पातेल्यात मक्याच्या कण्या आणि घेवडा शिजत होता, आणि बियरचे पिंप उघडलेले होते. त्यांनी बातमी ऐकायच्या आधीच आनंद शिजायला घातला होता. मोठ्या घराचा माणूस जाऊन नाही म्हणाल्यावर कुणी हो म्हणेल, असे त्यांच्या मनातही आले नव्हते.

ताता मालिझोले गाडीपाशी आले. आमचे चेहरे बघताच त्यांनी दार उघडू दिले नाही. ते स्वतःच मागच्या सीटवर येऊन बसले. मी सांगितले. त्यांनी डोळे मिटले आणि काठीवर हनुवटी टेकली.

“माझा सल्ला,” ते शेवटी म्हणाले. “माझा म्हणून मोजा तो, तुमचा नव्हे. आज त्यांना सांगायचं, बोलणी चालू आहेत.”

“सोमवारी यंत्रं येतायत, ताता.”

“सोमवार सोमवारी बघू. नोलुंतू, तुझा शब्द शेवटचा असतो. त्याच्या मागून उठून कुणी विचारत नाही, ‘हे खरं का?’ तुझ्या आजोबांनी त्याच शब्दाखाली एक अख्खा दुष्काळ लपवला होता. लोकांनी एकमेकांची भाकरी वाटून खाल्ली, दंगा झाला नाही.”

“आणि मेले किती?”

तातांनी काठीची मूठ चोळली. मग म्हणाले, “खरं सांगितलंस तर ते लुबिसिनीवर जाऊन उभे राहणार. त्यांच्याबरोबर तुला जावं लागणार. तू सरकारचं मानधन घेतेस, हात वर करून शपथ घेतलीस. ते तुला काढतील आणि मला बसवतील. मला नको आहे ती खुर्ची. मी तिच्यावर बसून खोटं बोलेन, आणि मला ते चांगलं जमतं, हेच मला नको आहे.”

माझ्या बहिणीने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दुसऱ्या बाजूचे दार उघडले.

“आऽ नोलुंतू!” पुकारा झाला. ती चालत गेली, खुर्चीपाशी पोहोचली, पण बसली नाही. आता रीतीप्रमाणे कुणीतरी वयस्कर माणसाने उठून प्रवासाची विचारपूस करायची, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. आभार, गाऱ्हाणी, थट्टा, आणि सगळ्यात शेवटी ती. मला तिच्या पाठीवरून कळले की तिला तेवढा वेळ झेपणार नाही. तेवढ्या वेळात खोटे तयार होईल.

“लुबिसिनी गेलं,” ती म्हणाली. “पालिकेने ठराव केला. मी तिथे होते. मी शेवटी बोलायची वाट बघत राहिले आणि त्यांनी मत घेऊन टाकलं. सोमवारी यंत्रं येतील. चूक माझी आहे. आता काय करायचं ते मला तुमच्याकडून ऐकायचंय.”

आणि तेव्हा जे झाले ते अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. पुरुषांच्या बाजूला म्झुकिसी उठला, ज्याची सर्वात जास्त गुरे त्या कुरणावर चरतात तो, आणि त्याने टोपी घातली. त्याच्या शेजाऱ्याने घातली. बायका गुडघ्यांवर हात टेकून उठू लागल्या, चटया गुंडाळू लागल्या. चिडून नव्हे. चेहरे पांढरे पडले होते, एका बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण हात आपापले काम करत होते. प्रमुख बोलला होता. सभा संपली होती.

“थांबा,” माझी बहीण म्हणाली. “बसा. मी तुम्हाला विचारलंय.”

ते बसले. प्रमुखाने बसा म्हटले म्हणून बसले. टोप्या पुन्हा मांडीवर आल्या. आणि कुणी बोलेना. प्रमुखाच्या शब्दानंतर कसे बोलायचे असते हे कुणाला ठाऊकच नव्हते. त्यासाठी आमच्या भाषेत सुरुवातीचे वाक्यच नाही. पातेल्यातल्या कण्या फुटण्याचा आवाज येत होता. दुपारी ती गप्प राहिली, तर तिच्या गप्प राहण्याचा होकार झाला. आता ती बोलली, तर तिच्या बोलण्याने चारशे माणसे मुकी झाली. दोन खोल्या, आणि दोन्हींची दारे बाहेरून लावलेली. मला वाटले, ती किंचाळेल.

ती खुर्चीपासून बाजूला झाली. बायकांच्या बाजूला आली, चप्पल काढली, नोथेंबिले आजीच्या चटईच्या कडेला गवतावर बसली आणि पाय पसरले.

नोथेंबिले आजीने तिच्याकडे तिरके पाहिले. गावातल्या अर्ध्या माणसांना हिनेच जन्माच्या वेळी हातात घेतले आहे.

“पाय झाक गं,” आजी म्हणाली. “प्रमुख नसशील तर बाई तरी राहा.”

कुणीतरी हसले. हसू फुटल्यावर सभेला तोंड फुटले.

“एवढी शिकलीस,” आजी पुढे म्हणाली, आता मोठ्याने, “गोळ्यांची नावं तोंडपाठ. तोंड कधी उघडायचं त्याची गोळी नव्हती का दुकानात?”

“नव्हती, मखुलू,” आजीला आमच्याकडे म्हणतात तसे माझी बहीण म्हणाली.

“माझा बैल बरा,” म्झुकिसी उठला. “त्याला हंबरायला कुणाची परवानगी लागत नाही. बिबट्या समोर आला तर तो म्हणत नाही, आधी बाकीच्यांना हंबरू दे.”

“तिने काय करायचं होतं? ओरडायचं?” एक जण म्हणाला.

“होय! ओरडायचं! आमचं गवत होतं ते!”

मग ते सगळेच तिच्यावर तुटून पडले, आणि ती गवतावर बसून ऐकत राहिली. चेहरा आता हलत होता. एवढ्यात कुणाला तरी पिंपामागे उभा राहिलेला फाकामिले दिसला.

“ते बघा, आपलं मत बूट घालून आलंय!”

“भेले, ये की पुढे. हात दाखव तुझे. याच हातांनी ना?”

“पक्षाचा आदेश होता,” फाकामिले पुन्हा म्हणाला. या वेळी त्याचे त्यालाच ते ऐकवेना.

“हात आम्ही दिले,” नोथेंबिले आजी म्हणाली, “आणि हलवतं दुसरंच कुणी. आमच्या पोराला काय झालंय हे, कुणी वैद्य बघा रे.”

ऊन कलेपर्यंत ते बोलले. पालिकेला निवेदन द्यावे, असे एकाने सुचवले आणि त्याला खाली बसवले. कोर्टात जावे, हेही निघाले. पण कोर्टात आधी विचारतील, आक्षेप कधी घेतला होता, आणि सगळ्यांनी माझ्या बहिणीकडे पाहिले. शेवटी उरले ते एकच. सोमवारी पहाटे गावातली सगळी गुरे लुबिसिनीवर न्यायची, आणि गुरांच्या मध्ये आपण उभे राहायचे. यंत्रांना गाई चिरडता येणार नाहीत. निदान आधी गाई चिरडाव्या लागतील.

आणि मग ते गप्प झाले. तीच शांतता. ती पांगाऱ्याखाली रिकाम्या खुर्चीभोवती जमली आणि थांबून राहिली.

“जा,” नोथेंबिले आजी म्हणाली.

“कुठे?”

“तिथे. बस, आणि सांग.”

“तुम्ही ठरवलंय ना, मखुलू. मी तुमच्यात आहे. मी येते सोमवारी, तुमच्याबरोबर.”

“तू येशील गं. फेझेका येईल.” कातडे खांद्यांवर आल्यापासून माझ्याखेरीज कुणाच्या तोंडी ते नाव आले नव्हते. “फेझेकाला घेऊन मी काय करू? पोलिसांनी विचारलं, कुणी सांगितलं तुम्हाला इथे यायला, तर म्हणू आम्ही, आमच्यातल्याच एका पोरीने? मग तो दंगा होतो. पोरं मार खातात. नोलुंतूने सांगितलं तर तो गावाचा शब्द असतो. मार तेव्हाही खातील. पण कशासाठी ते त्यांना ठाऊक असेल.”

“मी ती जागा आत्ताच सोडली, मखुलू.”

“बघितलं आम्ही. गवतावरही तुला धड बसता येत नाही.”

कुणी हसले नाही. ताता मालिझोले काठीवर दोन्ही हात ठेवून जमिनीकडे बघत होते. त्यांनी मान वर केली नाही, म्हणजे आपल्याकडून अडवणार नव्हते. माझ्या बहिणीने माझ्याकडे पाहिले. मी काही तरी करायला हवे होते, निदान डोळ्यांनी नको म्हणायला हवे होते. मलाही कुरण हवे होते.

ती उठली. पायांना चिकटलेले गवत तिने झटकले नाही. चप्पल घातली, खुर्चीपर्यंत गेली, शाल सारखी केली आणि बसली. चेहरा हळूहळू थांबला, वारा पडल्यावर पाणी थांबते तसा.

“सोमवारी पहाटे गुरं लुबिसिनीवर जातील,” नोलुंतू म्हणाली. “मी पुढे असेन.”

“आऽ नोलुंतू!”

टोप्या चढल्या. चटया गुंडाळल्या गेल्या. बायका पातेल्याकडे गेल्या आणि मुकाट्याने कण्या वाढू लागल्या. फाकामिले पुढे आला, खुर्चीपासून रीतीच्या अंतरावर थांबला, टोपी छातीशी धरून.

“मला त्यांना कळवावं लागेल, आई. मी इथे होतो हे त्यांना कळणारच.”

“कळव.”

“ते विचारतील, प्रमुखाने खरंच असं सांगितलं, की लोकांनी तिच्या तोंडी घातलं. लोकांनी घातलं असं मी म्हटलं, तर तुमच्यावर काही येणार नाही. विचार करा. मला तेवढं करता येईल.”

त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. तो खरोखर एक दार उघडून उभा होता, आणि ते दार खरोखर उघडे होते. माझ्या बहिणीने त्या दारातून बाहेर काय आहे ते पाहिले असावे, कारण ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

“भेले,” ती म्हणाली, “जे ऐकलंस ते सांग. मी बोलले, आणि माझ्यामागून कुणी बोललं नाही.”

त्याने मान तुकवली आणि रस्त्याकडे गेला. तिथे उंचवट्यावर फोनला रेंज मिळते. आम्हाला तो फोन कानाला लावून उभा दिसत होता. तो काय बोलत होता ते ऐकू येत नव्हते.